टाकीत उतरलेलं तांबं

माझ्या मावशीला सवत होती. काचेची होती, आणि हॉलची सगळी लांब भिंत अडवून ऐसपैस बसलेली होती. हा विनोद मावशीचाच. कुणी पहिल्यांदा घरी आलं की ती म्हणायची, "या, आधी माझ्या सवतीला भेटा." काका हसायचे. सुरुवातीची काही वर्षं मावशीही हसायची.

ती मासे पाळायची साधी टाकी नव्हती, खाऱ्या पाण्याची होती. आत समुद्रातले दगड, पांढरी वाळू, आणि दगडांवर जिवंत पोवळी. पोवळं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अंगठीतला लाल खडा येतो. ही तशी नव्हती. काही मशरूमसारखी, काही बोटांसारखी, काही नुसती हिरवी झालर, पाण्याच्या झोताबरोबर डुलणारी. त्यांच्यात गोगलगायी फिरायच्या, लाल पट्ट्यांची एक कोळंबी दगडाआड बसून मिशा हलवायची, आणि कोपऱ्यातल्या समुद्रफुलात, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्यात, नारिंगी माशांची जोडी नांदायची. जोडी म्हणजे खरोखरची. मादी मोठी आणि तापट. मावशी म्हणायची, या घरात जिचं ऐकलं जातं अशी ही एकच बाई.

काका वजनमापांच्या खात्यातून निवृत्त झाले होते. दुकानदारांच्या तराजूतली खोट काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. रिकाम्या हातांना काहीतरी मोजायला हवं होतं, ते या टाकीने दिलं. मीठ तोलून, थेंब मोजून, पाण्याची उष्णता सकाळ-संध्याकाळ बघून. मावशी पडदे आणि अभ्रे शिवणाऱ्या एका दुकानात कामाला होती, शिवाय घरी आणूनही शिवायची. तिचं मशीन पूर्वी हॉलच्या खिडकीशी होतं. टाकी आली, आणि मशीनच्या खडखडाटाने मासे बिथरतात असं निघालं, म्हणून ते पॅसेजमध्ये गेलं. तिथे दिवसाही दिवा लावून शिवावं लागे. ती काही बोलली नाही. चष्म्याचा नंबर तेवढा वाढला.

टाकीत हात घालायचा नाही, हा घरातला एकमेव कडक नियम होता. हाताला साबण असतो, क्रीम असतं, आणखी काय काय असतं. मावशीला काच बाहेरून कोरड्या फडक्याने पुसायची परवानगी होती. अकरा वर्षं तिने ती तशीच पुसली. आत काय चालतं, कोणतं पाणी कधी आणि कशासाठी घालतात, हे ना तिने विचारलं, ना काकांनी सांगितलं.

मग काका पडले. टाकीवरचा दिवा पुसायला स्टुलावर चढले होते, स्टूल सरकलं आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, आणि मग जखमेत पू झाला. परत उघडलं, परत शिवलं. आज घरी, उद्या घरी करता करता मुक्काम वाढतच गेला. त्यांचा मुलगा परदेशात. तो येऊन गेला, रजा संपली, परत गेला. उरली मावशी. सकाळी दुकान, दुपारी हॉस्पिटल, संध्याकाळी टाकी. मी शनिवार-रविवार जायची, म्हणून जे सांगतेय त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

हॉस्पिटलात मावशी डबा घेऊन पोचली की काका पहिला प्रश्न विचारायचे, पाण्याची पातळी कुठे आहे? मग मिठाचं प्रमाण. मग कोळंबी दिसली का. मावशीने फोनवर फोटो काढून न्यायचे आणि काकांनी ते बोटांनी मोठे करून बघायचे. वेदनांनी चेहरा ओढलेला असायचा, पण फोटो बघताना सैल व्हायचा. हे मी मुद्दाम सांगतेय. काका खोटं वेड पांघरून बसलेले नव्हते. त्यांचं त्या टाकीवर खरंच प्रेम होतं.

थंडीचे दिवस होते. टाकीत घालायचं पाणी स्वयंपाकघरातल्या फिल्टरमधून थेंबथेंब एका ड्रममध्ये साठायचं. एका रविवारी मावशी काकांना म्हणाली की ड्रममधलं पाणी बर्फासारखं लागतं हाताला. काका म्हणाले, "मग तसंच ओतू नकोस, मासे गारठतील. कोमट कर." एवढंच म्हणाले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

मावशीने कोमट केलं. छोटं भांडं असतं तर तिने गॅसवर ठेवलं असतं. पण आठवड्याला बादल्याच बादल्या बदलायच्या, त्यात फिल्टरची धार ती किती. म्हणून ती अर्धी बादली ड्रममधलं पाणी घ्यायची आणि अर्धी बाथरूममधल्या गिझरचं कढत. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना बघतात तसं कोपर बुडवून बघायची, फार गरम नाही ना. मग मीठ घालून ढवळायची आणि टाकीत सोडायची. गिझर जुना होता, आतली टाकी तांब्याची. त्याने कधी त्रास दिला नव्हता म्हणून कधी बदललाही नव्हता.

आधी गोगलगायी पडल्या. काचेवरून सुटून वाळूत उलट्या झाल्या आणि तशाच राहिल्या. मावशीला वाटलं, झोपल्या असतील. मग कोळंबी दिसेनाशी झाली. एक दिवस दगडामागे तिने टाकलेलं कवच सापडलंसं वाटलं, पण ते कवच नव्हतं, तीच होती. पोवळी मिटली. हिरवी झालर आखडून मुठीसारखी झाली. बोटांसारख्या पोवळ्यांवरून कातडं सुटावं तसं काहीतरी निघून तरंगायला लागलं, खाली पांढरं हाड. मासे मात्र खुशाल फिरत होते, त्यामुळे कळायला आणखी उशीर झाला. हॉस्पिटलात न्यायला मावशी जुने फोटो शोधायला लागली, तेव्हा मी म्हटलं, आता पुरे, काका टाकीचं सामान आणतात त्या दुकानात चल.

दुकान एका गल्लीत तळघरात होतं. आत निळा उजेड, पंपांची घरघर, ओलसर वास. दुकानदार काकांना वर्षानुवर्षं ओळखत होता. मावशीला त्याने कधी पाहिलं नव्हतं. तिने पिशवीतून बाटली काढली. त्याने पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, नळी हलवून दिव्यापुढे धरली. रंग चढत गेला. त्याने दुसऱ्यांदा केलं, आणि मग आमच्याकडे वळला.

"तांबं आहे. टाकीत काही पडलंय का? नाणं, वायर, एखादी क्लिप?"

"नाही."

"पाणी कुठलं घालता?"

मावशीने सांगितलं. गिझर म्हणताना तिचा आवाज जरा खाली गेला, कारण त्याचा चेहरा बदलला होता.

तो ओरडला वगैरे नाही. म्हणाला, माशांना याचं एवढं काही होत नाही, पण बाकी सगळ्यांना हे विष आहे, अगदी किंचित असलं तरी. पुष्कळ जण गिझरचं पाणी अंघोळीशिवाय वापरत नाहीत, पण का ते त्यांनाही माहीत नसतं. मग त्याने काय करायचं ते सांगितलं. ज्यात अजून जीव आहे ते आजच्या आज उचलून इथे आणायचं, तो आपल्या टाकीत ठेवून घेईल. पाणी थोडंथोडं करून बदलत राहायचं, शुद्ध पाण्याचे कॅन इथून न्यायचे. आणि पाणी गाळणाऱ्या डब्यात कोळसा भरायचा, शिवाय या पांढऱ्या चकत्या ठेवायच्या. तांबं शोषलं की चकती निळी पडते. निळी पडली की फेकायची, नवी ठेवायची.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पाण्यातलं जाईल लवकर. पण आता ते दगडांत मुरलंय, वाळूत मुरलंय. तिथून हळूहळू सुटत राहणार. बरं झालं असं वाटेल, आणि परत वर येईल."

घरी आल्यावर मावशीने अंगठी काढली, घड्याळ काढलं, हात नुसत्या पाण्याने कितीतरी वेळ धुतले, आणि त्या टाकीत पहिल्यांदा हात घातला. खांद्यापर्यंत. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. भीती होती, आणि भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याला मला नाव देता येत नाही. हिरवी झालर तिने ओंजळीत घेऊन वर आणली. समुद्रफूल दगडाला चिकटून बसलेलं, ते सोडवता सोडवता तिचा अर्धा तास गेला. नखाने ओरबाडलं नाही, बोटाचं पेर हळूहळू खाली सरकवत नेलं. शिवण उसवताना कापड फाटू नये म्हणून ती जसं करते, तसं.

पुढचे सगळे आठवडे असेच गेले. सकाळी दुकान, दुपारी हॉस्पिटल, संध्याकाळी कॅन. लिफ्ट तिच्या मजल्याच्या अर्धा जिना खालीच थांबायची, तेवढा भाग पाणी हाताने चढवायचं. मी असले की मी, नसले की ती. चकत्या निळ्या पडत होत्या, आधी गडद, मग फिकट, मग एकदम परत गडद. ती खचायची आणि पुन्हा बादली उचलायची. काकांना काही सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. जखम भरेपर्यंत नाही. "त्यांना ताप येईल," म्हणाली. मला ते पटलं नव्हतं, पण मीही गप्प राहिले.

काका वॉकर घेऊन घरी आले त्या दिवशी मी म्हटलं, मी सांगते. ती नको म्हणाली. काका दारातून आत आले ते सरळ टाकीकडे. वॉकर काचेला टेकला. आत दगड होते, मासे होते, नारिंगी जोडी एका कोपऱ्यात बिनघराची फिरत होती. बाकी सगळं पांढरं.

मावशीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

"गिझरचं?" काका म्हणाले.

"तुम्ही कोमट म्हणालात."

"मी गिझर म्हणालो?"

"नाही."

काकांनी मान वळवून पुन्हा टाकीत पाहिलं. मग म्हणाले, "आयुष्यात एक काम सांगितलं होतं तुला."

मला वाटलं, मावशी आता बोलेल. तिची रोजची धावपळ, ते कॅन, तो जिना. काकांनी एवढ्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं की तू कशी येतेस, कशी जातेस, जेवलीस का. पण ती फक्त म्हणाली, बसा आता, पाय दुखेल. दुपारभर काका टाकीसमोर खुर्चीत बसून होते, तळहात काचेला लावून. एकदा मी पाणी द्यायला गेले तर डोळे भरलेले दिसले. मला त्यांचं वाईट वाटलं. माझं ते वाईट वाटणं फार टिकलं नाही, हा भाग वेगळा.

कारण मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, मुलाला फोनवर सांगितलं, ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सला सांगितलं. सांगून सांगून वाक्याला चांगली धार आली: "मी तिकडे मरणाच्या दारात, आणि इकडे हिने माझा समुद्र मारला." लोक मावशीकडे बघून हसायचे, बिचाऱ्यांना वाटायचं नवराबायकोची थट्टा आहे. मावशी चहाचे कप उचलून आत जायची.

आणि काकांमधला जुना तपासनीस पुन्हा नोकरीवर रुजू झाला. काकांना उभं राहवत नव्हतं, वाकता येत नव्हतं, तेव्हा काम मावशीनेच करायचं आणि खुर्चीतून काकांनी बघायचं. थेंब मोजताना, "हा पाचवा की सहावा?" बादली ओतताना, "सावकाश, वाळू उडतेय." त्यांच्या मनासारखं नाही झालं की पुन्हा. अर्धे दगड काढून टाकायला लावले, जड, शेवाळलेले, धारदार दगड. ती ते टबमध्ये घालून गॅलरीत नेत होती. कंबरेवर हात ठेवून मधेच थांबायची. काका म्हणायचे, वाटेत पाणी सांडू नकोस.

टाकी सावरली. चकती ठेवली तशी पांढरीच निघायला लागली. काकांनी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तिथूनही तांबं नाही असा निर्वाळा आला. दुकानदाराने जपून ठेवलेली हिरवी झालर आणि समुद्रफूल परत दिलं. झालर दगडावर ठेवल्यावर दोन दिवस रुसून बसली आणि मग उलगडली. मावशी कामावरून आल्यावर पर्स खांद्यावर तशीच ठेवून ते बघत उभी होती. "आली बाई," एवढंच म्हणाली.

मग काकांचे या छंदातले दोस्त आले. त्यांच्यापैकी काही जणांकडे अशाच टाक्या होत्या. मी त्या दिवशी तिथेच होते. मंडळी टाकीभोवती उभी राहिली, तांब्यातून परत आलेली टाकी सहसा बघायला मिळत नाही म्हणाली, तुम्हीच करू जाणे म्हणाली. काकांनी त्यांना दगडांचं सांगितलं, चकत्यांचं सांगितलं, पाण्याचं प्रमाण सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं. शेवटी म्हणाले, "हिने पार मारलं होतं. मी परत उभं केलं."

मावशी पॅसेजमध्ये शिवत होती. मशीन थांबलं. ती दारात आली, खांद्यावर टेप, हातात कापड.

"उभं करायला माणसाला आधी उभं राहता यावं लागतं," ती म्हणाली. "तुम्हाला तेव्हा संडासलाही मी नेत होते."

कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही. मावशी परत गेली. मशीन सुरू झालं.

त्या वाक्यासाठी काकांनी तिला माफ केलं नाही. तांब्यासाठी कदाचित केलं असतं. लोकांदेखत अपमान झाला, हे त्यांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराला फोन करून एक माणूस ठरवला. तो आठवड्यातून एकदा येऊन पाणी बदलू लागला, आणि मावशीला सांगण्यात आलं की यापुढे तिने टाकीत हात घालायचा नाही. ती ठीक आहे म्हणाली. मला नंतर म्हणाली, "गंमत बघ, आता कुठे मला जमायला लागलं होतं."

कंबर मात्र गेली ती गेली. आधी वाकवत नव्हतं, मग डाव्या पायात कळ उतरायला लागली. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी विचारलं, जड काही उचललंत का अलीकडे? मावशी म्हणाली, "पाणी." तिचं ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलात, वेगळ्या मजल्यावर. काका काठी टेकत एकदा आले. खुर्ची ओढून बसले, डॉक्टरांशी बोलले, सलाइनची गती बरोबर आहे का ते घड्याळ लावून पाहिलं. मग त्या टाकीवाल्या माणसाची यायची वेळ झाली म्हणून उठले. त्यानंतर फोन करायचे. दुसऱ्या दिवशीचा फोन मीच उचलून तिच्या कानाला लावला. पलीकडचं मला ऐकू येत होतं. ते विचारत होते, मिठाचा मोठा डबा कुठे ठेवलायस?

"ओट्याखाली, डावीकडे," मावशी म्हणाली. "झाकण घट्ट लावा, नाहीतर ओल धरतं."

ती थोडा वेळ थांबली, आणखी काही विचारतील म्हणून. मग मला म्हणाली, "फोन ठेवला वाटतं त्यांनी."

हॉस्पिटलातून मी तिला माझ्याकडे आणलं, बरं वाटेपर्यंत म्हणून. बरं वाटलं. ती चालायला लागली, जिने चढायला लागली, दुकानात अर्धा दिवस जायला लागली. घरी कधी जाणार, असं मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. काकांनी फोनवर दोनदा विचारलं. ती बघते म्हणाली. मुलाने परदेशातून समजूत घालायचा प्रयत्न केला, या वयात हे काय, एका टाकीवरून. मावशीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या खोकल्याची चौकशी केली.

एकदा भाजी निवडता निवडता मी तिला म्हटलं, काका तुला कोमट म्हणाले होते, मी साक्षीला होते. तू मला का नाही बोलू दिलंस? ती म्हणाली, "म्हणाले होतेच. आणि गिझर नव्हते म्हणाले, हेही खरं. तू बोलली असतीस, त्यांनी कबूल केलं असतं. मग? टाकीत नुसतं तांबं आलं असतं तर आम्ही दोघांनी मिळून ते काढलं असतं. पण त्यांच्या लेखी मीच तांबं होते ना."

तिने पालेभाजीचे देठ कागदात गुंडाळले आणि उठली.

आता ती रविवारी काकांकडे जाते. दोन-तीन दिवसांचं जेवण करून ठेवते, औषधं बघते, चादरी बदलते. हिरवी झालर म्हणे दुप्पट वाढली आहे, समुद्रफूलही मोठं झालंय, आणि नारिंगी जोडीने अंडी घातली होती. काका तिला बोलावून दाखवतात. तो दिवा, ते पंप, ती नवीन गोगलगाय. ती पर्स खांद्याला लावून उभी राहते, सगळं बघते, छान आहे म्हणते. काका खुर्ची पुढे करतात. ती बसत नाही.